अकरा गावांची नदी

पाणी आकाशातून पडतं, जमिनीवरून वाहतं आणि शेवटी कागदावर साठतं. यातले पहिले दोन टप्पे बेभरवशाचे आहेत हे सर्वमान्य आहे. पाऊस कुणाला विचारून येत नाही, आणि नदीला तर कुठलीच शिस्त नाही. जुलैमध्ये ती अंगणात येऊन बसते आणि एप्रिलमध्ये शोधत हिंडावं लागतं. तिसरा टप्पा मात्र संपूर्णपणे शासनाच्या ताब्यात आहे. तेव्हा पाण्याचं नियोजन करायचं तर ते कागदावरच केलं पाहिजे, या निष्कर्षाला कोल्हापूर जिल्ह्यातलं एक उपविभागीय कार्यालय फार पूर्वीच आलं होतं. (कार्यालयाचं नाव इथं दिलेलं नाही. दिलं तर त्यांना खुलासा पाठवावा लागेल, आणि खुलासा टाइप करणारे गृहस्थ मार्चअखेरपर्यंत रजेवर आहेत.)

या कार्यालयाच्या ताब्यात तांबरी नावाची एक नदी आहे. गडहिंग्लजच्या पलीकडं डोंगरात एक धरण, तिथून कर्नाटकच्या हद्दीपर्यंत ही नदी, आणि तिच्या काठानं अकरा गावं: थोरली तांबर, धाकटी तांबर, वाघोत्रे, कातळगी, निळगी, शेळपवाडी, बोरहळ, खडकगी, उंबरोळी, हलगेनट्टी आणि मुगळहट्टी. प्रत्येक गावाला एक कोल्हापुरी बंधारा. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी फळ्या घालायच्या, त्यांना बरगे म्हणतात. बरग्यांमागं पाणी तुंबतं, गाव उन्हाळाभर ते वापरतं, आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढायचे. एवढीच ही यंत्रणा. ती पिढ्यान् पिढ्या चालत आल्यामुळं तिच्यावर कुणाचा फारसा विश्वास राहिलेला नव्हता.

या अकरा बंधाऱ्यांचं पाणी मोजायचं काम सव्वीस वर्षं शशिधर हिरेमठ हा मोजणीदार करत होता. शशिधर जातीनं जंगम, लिंगायतांच्या पुरोहितांपैकी, त्यामुळं कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला स्वामी म्हणत. काम कुठलंही लावायचं असलं तरी सुरुवात अशी आदरानं होई.

शशिधरची मोजणीची पद्धत अशास्त्रीय होती, हे इथं खेदानं नमूद करावं लागतं. रोज सकाळी बंधाऱ्यांवरच्या चौकीदारांचे फोन येत. बोरहळचा चौकीदार गुंडू याचा फोन पहिला असे.

"स्वामी, पानी म्हशीच्या पोटाला हाय."

म्हैस गुंडूच्या बायकोची, शालूबाईची. ती रोज सकाळी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एकाच ठिकाणी उभी राही. तिच्यावर चार खुणा मान्यताप्राप्त होत्या: खूर, गुडघा, पोट आणि पाठ. शशिधर वहीत 'पोट' असं न लिहिता 'एक मीटर पाच सेंटिमीटर' असं लिही, आणि तो आकडा पुढं मुंबईपर्यंत जाई. सव्वीस वर्षांत म्हशी चार झाल्या, पण शालूबाई दर वेळी पारडी त्याच उंचीच्या वाणाची धरी. एकदा एका तरुण अभियंत्यानं म्हैस आणि सरकारी मोजपट्टी यांचा ताळा घेतला, तेव्हा दोन बोटांचा फरक निघाला. रीतसर चौकशी झाली. मोजपट्टी सदोष असल्याचं आढळलं.

उन्हाळ्यात शशिधर मोटरसायकलवरून अकराही बंधारे बघून येई. बोरहळला पोचायला त्याला बरोबर दुपारचे बारा वाजत. तो गाडी स्टँडला लावेपर्यंत शालूबाई ताकाचा तांब्या पुढं करी. "आदी प्या, मग मोजा," एवढंच म्हणे. सव्वीस उन्हाळे त्यानं ते ताक प्यायलं. त्याची नोंद वहीत नाही.

अकरा गावांतलं शेवटचं गाव मुगळहट्टी. धरणातून सुटलेलं पाणी दहा गावांच्या मोटरी चुकवत चुकवत तिथं पोचतं, किंवा पोचत नाही. गेल्या उन्हाळ्यात ते एकोणीस दिवस पोचलं नाही. शशिधरची थोरली बहीण बसम्मा याच गावात दिलेली. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते एकोणीस दिवस तिनं माळावरच्या विहिरीवरून कमरेवर घागर आणली. शशिधर भेटायला गेला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्यातच धरलं.

"तम्मा, तू पान्याच्या खात्यात हाईस का टपालाच्या? येतंय, येतंय म्हणतोस. पानी काय पत्र हाय व्हय?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. छप्पन्न वर्षांच्या माणसाला तम्मा म्हणणारं जगात एकच माणूस उरलेलं असतं, आणि त्या माणसापुढं सरकारी उत्तर देता येत नाही. शशिधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुढच्या वर्षी तुझ्या दारात पाणी येईल, अक्का," असं तो बोलून गेला. कार्यालयात परत आल्यावर आपण हे कुठल्या अधिकारात बोललो, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. तसा अधिकार त्याला नव्हता.

आणि फेब्रुवारीत परिपत्रक आलं.

त्याचा आशय असा होता की, यापुढं उन्हाळ्यातल्या पाण्याचं नियोजन 'जलवेध' या संगणकप्रणालीवरूनच करण्यात यावं. त्यासाठी प्रत्येक उपविभागातून योग्य उमेदवारांना कोल्हापूर येथे पाच दिवसांच्या प्रशिक्षणास पाठवावं. आणि प्रशिक्षणात तयार होणारा आराखडाच त्या वर्षीचा अंतिम आराखडा समजण्यात यावा. उमेदवार निवडण्याची कार्यालयाची पद्धत जुनी आणि निर्दोष आहे: ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तो योग्य. तरुण अभियंते टेंडरांत अडकले होते. शशिधरच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. नवी विद्या शिकायला याहून चांगलं वय नसतं. शिकलेलं विसरायला पुरेसा वेळ मिळतो.

शशिधर मात्र मनातून हरखला. आराखडा आपल्या हातानं होणार. मुगळहट्टीचं पाणी आपल्या हातानं लिहिता येणार. त्यानं अक्काला फोन करून सांगितलं, "यंदा तुझं गाव संगणकात घालतो."

"घाल बाबा," अक्का म्हणाली. "घागरीत घालाय जमलं न्हाय तर तितं तरी घाल."

प्रशिक्षणाची आकडेवारी पुढीलप्रमाणे. प्रशिक्षणार्थी चोवीस. हजेरीपत्रकावर सह्या चोवीस. खुर्च्यांवर माणसं नऊ. संगणक सहा, त्यांतले सुरू होणारे चार. वातानुकूलन यंत्रं दोन, दोन्ही उत्तम. चहा दिवसातून तीनदा, आणि नाष्ट्याला पहिल्या दिवशी मिसळ. दुसऱ्या दिवशी मिसळ नव्हती, तेव्हा खुर्च्यांवरची माणसं सातवर आली. तिसऱ्या दिवसापासून मिसळ कायम करण्यात आली. उपस्थिती आणि मिसळीचा कट यांचा संबंध आपल्याकडं अजून कुणी अभ्यासलेला नाही.

शिकवायला पुण्याहून अनुजा मॅडम आल्या होत्या. वय तिशीच्या आत, विषय पाठ, आणि स्वभाव इतका चांगला की चौथ्यांदा विचारलेल्या प्रश्नालाही त्या "छान प्रश्न" म्हणत. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की पडद्यावर निळी रेघ ओढली की ती नदी, आणि नदीच्या काठावर ठिपका ठेवला की ते गाव. ठिपक्यावर टिचकी मारून गावाची माणसं आणि त्यांना लागणारं पाणी भरायचं. मग कळ दाबली की प्रणाली हिशेब करते. पाणी पुरलं तर ठिपका हिरवा, नाही पुरलं तर लाल.

सरावासाठी जी नदी दिली होती ती परदेशातली होती. त्या खोऱ्यात चार शहरं, दोन सफरचंदांच्या बागा आणि एका जातीचे मासे होते. मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे जातात, म्हणून तिथं पाण्यावर पहिला हक्क त्यांचा असतो. दोन दिवस खुर्च्यांवरची माणसं त्या माशांना पाणी देत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शशिधर यात इतका तयार झाला की सलग तीन दुष्काळांतून त्यानं एकही मासा मरू दिला नाही. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या.

या प्रणालीत एकच किरकोळ अडचण होती. तिचा परवाना मंजुरीसाठी वर गेलेला होता आणि तोवर चाचणीची प्रत वापरायची होती. त्या प्रतीत सगळं करता येतं, फक्त केलेलं काम साठवून ठेवता येत नाही. संगणक बंद केला की नदी जाते. म्हणून तिसऱ्या दिवसापासून, आपापल्या नद्यांचं काम सुरू झाल्यावर, रोज सकाळी आल्या आल्या सगळ्यांनी पहिल्यापासून नदी ओढायची, गावं ठेवायची, माणसं भरायची आणि संध्याकाळी सगळं सोडून घरी जायचं, असा क्रम पडला. शशिधरची तांबरी पहिल्या सकाळी पाऊण तासात झाली आणि जरा वळणं घेत शिरोली एमआयडीसीतून गेली. शेवटी शेवटी ती चार मिनिटांत होऊ लागली.

खरी अडचण अग्रक्रमाला आली. पाणी कमी पडलं तर आधी कुणाला द्यायचं, हे प्रणालीला कळावं म्हणून प्रत्येक गावाला एक ते नव्व्याण्णव यांतला क्रमांक द्यायचा असतो. एक म्हणजे सगळ्यांत आधी. मॅडमनी अर्धा तास दिला. अर्ध्या तासानं पाहिलं तर चार संगणकांवर चार नद्या होत्या आणि त्यांवरच्या प्रत्येक गावाचा क्रमांक एक होता.

मॅडमना वाटलं आपलं शिकवायचं चुकलं. त्यांनी पुन्हा समजावलं. तेव्हा शशिधरचे साहेब, उपअभियंता विजयसिंह, पुढं झाले. ते पाहणीसाठी म्हणून रोज मिसळीच्या वेळी येत असत.

"मॅडम, ह्ये कोल्हापूर हाय," साहेब म्हणाले. "हितं दोन नंबर म्हंजे पाठीला माती लागल्याला गडी. कुठल्या गावाला दोन नंबर लावू सांगा? उद्या सकाळी त्यो गाव माझ्या दारात ट्रॅक्टर घिऊन येतोय."

"पण सर, सगळेच एक नंबर असले तर एक नंबरला अर्थ काय राहतो?"

"अर्थ राहू दे की. आधी मी राहायला पायजे."

मॅडम "छान मुद्दा" म्हणाल्या. सर्व गावं प्रथम क्रमांकाची ठेवण्यात आली. या प्रणालीचा समतेसाठी झालेला हा पहिलाच वापर असावा.

मग म्हशी आल्या. प्रणालीत माणसं आहेत, कारखाने आहेत, मासे आहेत, पण म्हैस नाही. आता तांबरीच्या काठानं एक वेळ माणूस आंघोळीवाचून राहील, म्हैस राहणार नाही. बरीच चर्चा होऊन एक म्हैस म्हणजे दोन माणसं असं प्रमाण ठरलं. त्यामुळं मुगळहट्टीची लोकसंख्या एका दुपारात तिप्पट झाली, आणि वाघोत्रे हे गाव तालुक्यातलं दोन नंबरचं शहर झालं. (वाघोत्र्याच्या लोकांना यातला आकडा कळवण्यात आलेला नाही.)

याहून नाजूक बाब मोटरींची होती. उन्हाळ्यात काही ठरावीक दिवस नदीतून मोटरीनं पाणी उचलायला मनाई असते, तिला उपसाबंदी म्हणतात. उपसाबंदीत ज्या मोटरी चालतात त्यांचं पाणी कुठल्या रकान्यात भरायचं? त्या मोटरी बंद आहेत असा पंचनामा असतो. बंद मोटरीनं पाणी उचललं असं लिहिता येत नाही. शेवटी शशिधरनंच तोड काढली आणि ते पाणी 'बाष्पीभवन' या रकान्यात बसवलं. प्रणालीनं एक शंका काढली की, तांबरीवरचं बाष्पीभवन ढगाळ हवेत वाढतं आणि पथकाची जीप आली की थांबतं, हे कसं? तिला 'स्थानिक परिस्थिती' असं उत्तर देण्यात आलं. ती गप्प बसली. प्रणाली म्हणून तिचा हा गुण घेण्यासारखा आहे.

चौथ्या दिवशी दुपारी सगळी माहिती भरून झाली. शशिधरनं मनातल्या मनात मठातल्या स्वामींचं नाव घेऊन कळ दाबली.

अकराच्या अकरा ठिपके लाल झाले.

सगळ्यांना सारखं पाणी, म्हणून सगळ्यांना सारखं कमी. फार नाही, प्रत्येक गावाला अकरा दिवसांतून एक दिवस कोरडा जाईल इतकंच. शशिधरला तर ते पाहून आनंद झाला. एकोणीस दिवसांऐवजी अकराला एक. मुगळहट्टीला, नदीच्या शेपटाला, थोरल्या तांबर गावाइतकंच पाणी! हे न्यायाचं झालं, असं त्याला अगदी आतून वाटलं, आणि छापून न्यावं म्हणून तो साहेबांची वाट बघत बसला.

साहेबांनी पडदा पाहिला आणि ते खालीच बसले.

"स्वामी, ह्ये काय रक्त सांडून ठेवलंय?"

शशिधरनं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी परिपत्रकाची पुरवणी काढली. तिच्यात लिहिलं होतं की, ज्या आराखड्यात एकही लाल ठिपका असेल तो परत पाठवण्यात येईल आणि संबंधितांना कारण विचारण्यात येईल. टंचाई राहू नये म्हणून तर प्रणाली घेतली. तिच्यातच टंचाई दिसत असेल तर घेतली कशाला, असा वरिष्ठांचा सवाल होता.

"एक ठिपका कमी करून बघा," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच बोट पडद्यावर ठेवलं, अगदी खाली, हद्दीला चिकटलेल्या शेवटच्या ठिपक्यावर. "ह्यो काढा. ह्या गावाचा फोन आजवर मला आल्याला न्हाय."

ते शशिधरच्या अक्काचं गाव होतं. तरी हात सवयीनं हलला. मुगळहट्टी गेली आणि उरलेले दहा ठिपके एकदम हिरवे झाले. इतके छान हिरवे की मॅडमसुद्धा खुर्ची फिरवून बघायला लागल्या.

"बघा. अकरा गावांची तहान एका गावात बसतीया," साहेब म्हणाले. "उद्या शेवटचा दिवस. सकाळी पुन्हा सगळं काढालच, तवा ह्यो ठेवूच नका. काढायचं पाप नको आन् काय नको. ठेवला न्हाय, एवढंच."

त्या संध्याकाळी शशिधरला अक्काचा फोन आला. "घातलंस काय रं संगणकात?" तिनं विचारलं. तो "घातलंय" म्हणाला. ते खोटं नव्हतं. संगणक बंद होईपर्यंत ते तिथं होतं. पण त्याला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी समारोपाचं जेवण होतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुकं मटण, त्यामुळं उपस्थिती चोवीसच्या चोवीस होती आणि वर आणखी अकरा माणसं आली. शशिधर शाकाहारी. सगळे जेवायला निघताना साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "स्वामी, तुमचं काय काम न्हाय तितं. तवर नकाशा उरका. परत आलो की सही करून टाकतो."

खोलीत शशिधर एकटा राहिला. त्यानं चार मिनिटांत नदी ओढली. मग पहिला ठिपका शेवटच्या गावाचा ठेवला. मुगळहट्टी. नाव लिहिलं, माणसं भरली, म्हशी भरल्या, क्रमांक एक दिला. अक्काला दिलेला शब्द असा एका ठिपक्यात मावला तेव्हा त्याला हायसं वाटलं. त्यानंतर तो नदीच्या वरच्या टोकाला गेला आणि तिथून खाली येत बाकीचे ठिपके ठेवत राहिला. मध्ये एकदा त्याचा हात बराच वेळ थांबला. माऊस जुना होता.

त्यानं कळ दाबली. सगळं हिरवं.

साहेब बडीशेप चघळत आले आणि बघतच राहिले. शेवटचा ठिपका जागेवर होता आणि तोही हिरवागार होता. "आरं, मुगळहट्टी बी बसली की! नाद खुळा, स्वामी!" त्यांनी सही ठोकली. आकड्यांत कुठंही खाडाखोड नव्हती, जास्तीचा पाऊस पाडलेला नव्हता, माणशी लिटर कमी केलेले नव्हते. हे कसं जमलं असं साहेबांनी विचारलं नाही, कारण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. शशिधरला 'उत्कृष्ट' शेऱ्याचं प्रमाणपत्र मिळालं. फोटोत तो मॅडमच्या डाव्या बाजूला उभा आहे आणि खाली बघतो आहे.

आराखडा सात कार्यालयांतून, सात सह्या घेत वर जाऊन मंजूर होऊन आला. त्यासोबत अंमलबजावणीच्या सूचना होत्या. एक, उपसाबंदी आराखड्याप्रमाणे लावावी. दोन, चौकीदारांकडून फोनवर पातळी घेण्याची जुनी पद्धत तात्काळ बंद करावी. तीन, ज्या बंधाऱ्यावर मागणी दर्शवलेली नाही, तेथील बरगे काढून पाणी पुढे सोडावे. चार, याबाबत जनजागृतीचा फलक लावावा. चारही सूचनांचं तंतोतंत पालन झालं. दुसऱ्या सूचनेनंतर गुंडूनं सवयीनं दोन-चारदा फोन केला, पण फोनवर बोलायचं नाही असा आदेश असल्याचं त्याला फोनवर समजावून सांगण्यात आलं.

आणि काय सांगावं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुगळहट्टीच्या बंधाऱ्यात पाणी आलं. नुसतं आलं नाही, भरून वाहिलं. अक्काचा फोन आला तेव्हा मागं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"तम्मा! दाराम्होरच्या नळाला पानी हाय बघ! मी हात धुतले, पाय धुतले, परत हात धुतले. पुरणाचं कडबू करून ठेवते, यिऊन खाऊन जा."

शशिधरच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. तो रविवारी गेला आणि त्यानं पाच कडबू खाल्ले. अक्का वाढत होती आणि शेजारणींना सांगत होती की हे पाणी आमच्या तम्मानं आणलं.

मे महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांचा सत्कार झाला. मानपत्रात म्हटलं होतं की, थोरली तांबर, धाकटी तांबर, वाघोत्रे, कातळगी, निळगी, शेळपवाडी, खडकगी, उंबरोळी, हलगेनट्टी आणि मुगळहट्टी ही तांबरीकाठची सर्व गावं यंदा टंचाईमुक्त झाली असून, संपूर्ण नदीखोऱ्यात तहान शून्य टक्के आहे. टाळ्या पडल्या. साहेबांनी शाल शशिधरच्या खांद्यावर टाकली, हा त्यांचा मोठेपणा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता शालूबाई कार्यालयात आली. एसटीनं आली होती. हातात तोच तांब्या होता. तिनं तो शशिधरच्या टेबलावर ठेवला. रिकामा होता.

"यंदा ताक न्हाय," ती म्हणाली. "म्हस इकली."

शशिधर उठून उभा राहिला.

"मार्चात कागूद आला, बरगं काढा म्हणून. ह्यांनीच काढलं, सोताच्या हातानं. सरकारी कागूद हाय म्हणाले. तवापासनं बंधाऱ्यात चिखूल हाय. ह्यांनी तुमास्नी फोन केल्ता. तुमी सोता उचलला न्हाय." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, बातमी सांगावी तसं ती सांगत होती. "म्या म्हनलं, आपल्या पावण्यालाच इचारू. कागदात आमचं गाव हाय का न्हाय?"

आराखडा भिंतीवरच लावलेला होता, काचेत. शालूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिनं निळ्या रेघेच्या वरच्या टोकाला बोट लावलं आणि एकेक ठिपका शिवत खाली आली. मग पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

"धा हायती," ती म्हणाली. "नदीला गावं अकरा हायती."

"नजरचुकीनं राहिलं, शालूबाई," शशिधर म्हणाला. हे वाक्य त्यानं सव्वीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. "पुढच्या प्रशिक्षणात ठेवतो."

"व्हय." तिनं मान हलवली. "तुमच्या अक्काचं गाव ह्यात कुटलं?"

शशिधरनं शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. शालूबाईनं त्या ठिपक्याकडं नीट बघून घेतलं, वाकून, अगदी जवळून. एखाद्या घरचं नवं बाळ बघावं तसं.

"बरं झालं त्येंचं," ती म्हणाली, आणि तांब्या उचलून एसटी गाठायला गेली.

शशिधर खुर्चीत बसला. त्याला लाज वाटत होती, आणि अक्काच्या दारात पाणी आहे याचा आनंदही होत होता, आणि त्या दोन्हींतलं काही केल्या एक कमी होईना. हे प्रणालीत बसवता आलं नसतं.

आता थोडं वाचकांविषयी. या कथेत तांबरीकाठच्या गावांची नावं दोनदा छापली आहेत. पहिल्यांदा अकरा आहेत, दुसऱ्यांदा दहा. बोरहळमध्ये तुम्ही सव्वीस उन्हाळे ताक प्यायलेलं आहे, गुंडूचा फोन बंद झालेला पाहिला आहे, बरगे कुठल्या बंधाऱ्याचे काढायचे ही सूचना वाचली आहे, आणि माऊस मध्येच का थांबला याचं कारण जुनेपणा हे तुम्हाला पटलेलं आहे. शालूबाईला शाळा नाही, तरी तिनं मोजलं. सात कार्यालयांनी मोजलं नाही, आणि आठवे तुम्ही.

वाईट वाटून घेऊ नका. ज्या गावाची तुम्हाला काळजी होती, त्या गावाला पाणी मिळालं, आणि तुम्हाला बरं वाटलं. यालाच नियोजन म्हणतात.